डाव्या पायाचं काज

काकूने अंडं कानाला लावलं आणि दुसरा हात वर करून आम्हा सगळ्यांना गप्प केलं. काकांनी शिलाई मशीनच्या पायट्यावरून पाय उचलला. मी कापडात अर्धी गेलेली कात्री तशीच धरून राहिले. काकू उभी होती ती मधल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तिच्या एका बाजूला आमचं शिवणाचं दुकान, दुसऱ्या बाजूला मागचं अंगण. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला, जशी एखादी बाई आतून एकेक खिडकी लावून घेते तसा.

"काल आतून टकटक होती," ती म्हणाली. "आज नाही."

तिने अंडं ताटलीत फोडलं. पिल्लू पुरतं झालेलं होतं. ओली पिसं, मिटलेले डोळे, आणि चोच कैचीसारखी, वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. त्या चोचीने त्याला कवच फोडता आलं नव्हतं. काकूने त्याच्यावर अस्तराचा एक तुकडा टाकला आणि पुढचं अंडं उचललं. तेही तसंच. अंडी उबवायला खुडूक बसलेली कोंबडी रिकाम्या टोपलीवर आपले पंख पसरून बसलीच होती, जणू खाली सगळं ठीक आहे.

माझ्या या काकूला सगळे काजवाली म्हणतात. शर्ट कुठेही शिवून घ्या, त्याची बटणाची काजं मात्र हिच्याकडे यायची. गावातले इतर शिंपीही गठ्ठे बांधून आणून टाकतात. मशीनवर काज घालता येतं, तरी कॉलरखालचं पहिलं काज काकू हातानेच घालते, आणि प्रत्येक काजावरून अंगठ्याचं नख फिरवून बघते. कुठे दोरा सैल वाटला की उसवते. बोलण्यातही तिचं तेच. समोरच्याच्या वाक्यात कुठे सैल दोरा असेल तर ती नेमका तोच ओढते. काका कटिंग करतात, एका कानाने कमी ऐकतात, आणि तो कान कायम काकूच्या बाजूला असतो. काकू म्हणते हा योगायोग नाही.

कोंबड्या तिने माहेरून आणलेल्या. राखी रंगाच्या, आखूड पायांच्या, दिसायला अगदी साध्या. बाजारातल्या कोंबड्या अंडी जास्त देतात हे तिला माहीत होतं, पण त्या अंड्यांवर बसत नाहीत, पिल्लांना हाक मारत नाहीत, घार दिसली तर नुसत्या बघत उभ्या राहतात. तिच्या आईने वाढवलेल्या या जातीच्या कोंबड्या आता माहेरीही उरलेल्या नव्हत्या. असल्या तर फक्त आमच्या मागच्या अंगणात. आणि त्यांची पिल्लं अंड्यातच मरायला लागली होती.

असं का होत होतं हे काकूला कोणी सांगायची गरज नव्हती. पूर्वी अंगणात दोन घरं होती. एक भुरी नावाच्या कोंबडीचं, एक काळीचं. पिल्लू वाळलं की काकू काज पाडायचा बारीक पंच घ्यायची आणि त्याच्या बोटांमधल्या पातळ पडद्याला एक भोक पाडायची. भुरीच्या पिल्लांना उजव्या पायात, काळीच्या पिल्लांना डाव्या पायात. पिल्लाला नेहमी आईचं काज. मोठं झाल्यावर उजव्या पायाच्या कोंबड्यांना डाव्या पायाचा कोंबडा आणि डाव्यांना उजव्याचा, म्हणजे भाऊ-बहीण एकत्र यायला नकोत. काका याला काकूचं वधूवर सूचक मंडळ म्हणायचे. शहाण्या माणसाने हसू दाबावं असा कारभार होता, पण वर्षानुवर्षं चालला आणि पिल्लं टणाटण उड्या मारत बाहेर यायची.

मग मानमोडी आली.

त्याआधी काकूला वाटलं होतं, दोनच घरांत रक्त किती दिवस फिरवायचं. म्हणून तिने मोठ्या काकूशी, म्हणजे तिच्या थोरल्या जावेशी, अदलाबदल केली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मोठ्या काकूने एक कोंबडा दिला, काकूने एक पिल्लू दिलं. तो कोंबडा आल्यावर काही दिवसांतच शिंकायला लागला. मग एकेका कोंबडीची मान पिरगळल्यासारखी मागे वळायला लागली. त्या उभ्याउभ्या गोल फिरायच्या आणि पडायच्या. काकू एकीला उचलायची तोवर दुसरी आडवी. काळीचं घर आख्खं गेलं. भुरीच्या घरातली फक्त भुरी वाचली, कारण ती तेव्हा खुडूक होती आणि दुकानात, काजाच्या मशीनखाली, टोपलीत अंड्यांवर बसलेली होती.

आजच्या सगळ्या कोंबड्या त्या एका टोपलीतून आलेल्या. सगळ्यांच्या उजव्या पायाला भोक. मुलगा आईवर, भाऊ बहिणीवर, दुसरा इलाजच नव्हता.

मानमोडीनंतर मागच्या दाराला कडी. दाराशी औषधाच्या जांभळ्या पाण्याचा ट्रे, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही, आणि आतल्या चपला वेगळ्या. विजेचं मीटर मागच्या भिंतीवर, पण मीटरवाल्यालाही आत प्रवेश नाही. तो दुकानात पेन घेऊन उभा राहतो आणि काकू आतून आकडे ओरडून सांगते. चिमणी खुराड्यावर बसली तरी काकू ताट वाजवत धावते. मोठ्या काकूशी बोलणं तुटलं नाही, दोघी एकमेकींकडे जात-येत राहिल्या, पण कोंबडी हा शब्द दोघींच्या तोंडून कधी निघाला नाही. बोलता बोलता त्या तिथवर यायच्या आणि खड्ड्याला वळसा घालावा तशा वळायच्या.

मेलेल्या पिल्लांनंतर काकू जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, कोंबड्यांच्या पायाची वाकडी बोटं पाहिली आणि सांगितलं की बाहेरचा कोंबडा आणा, नाहीतर आणखी एक-दोन पिढ्यांत हे संपेल. आणाल तो लगेच आत सोडू नका. घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, आणि सोडण्याआधी तुमची एक कोंबडी त्याच्याजवळ ठेवून बघा. तो वरून धडधाकट दिसेल, पण त्याच्या अंगात काही असलं तर ते त्या कोंबडीवर दिसेल.

 घरी येऊन दुकानात शिरल्यावर काकू म्हणाली, बाहेरचा आणला तर सगळ्या एका आठवड्यात मरतील, नाही आणला तर सावकाश मरतील, एवढाच फरक. काकांनी मान डोलावली. ऐकू आलं होतं की नाही, कळलं नाही.

तरी ती स्थळं पाहायला निघाली. मी सोबत होते. एका घरचा कोंबडा देखणा होता, पण काकू त्याच्यासमोर उकिडवी बसून त्याचा श्वास ऐकत राहिली आणि उठली. नाक वाजतंय म्हणाली. दुसरीकडे कोंबड्याला काही नव्हतं, पण मालक खोकत होता. काकूने तेवढ्यावरून नकार दिला. तिसऱ्या ठिकाणी आम्ही फाटकातूनच परतलो. खुराड्याच्या कोपऱ्यात एक कोंबडी पिसं फुगवून बसली होती, डोळे मिटून, आणि काकूने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला.

मग एका दुपारी मोठी काकू आली. कडेवर लेकरू घ्यावं तशी गोणपाटात गुंडाळलेली काहीतरी वस्तू घेऊन. तिला कोणी सांगितलं ते उघडच होतं, कारण काका अचानक खडूला टोक काढण्यात गुंग झाले.

काकू दुकानाच्या दारात आडवी उभी राहिली. "तिथेच थांबा, जाऊबाई."

मोठी काकू पायरीखालीच थांबली. तिने गोणपाट जरासं सोडलं. आतून एक म्हातारा राखी कोंबडा बाहेर आला. पायाच्या नख्या झिजलेल्या, तुरा एका बाजूला पडलेला, आणि मान वाकडी. थोडीच, पण वाकडी. तो आमच्याकडे असा तिरका बघत होता जणू आमच्यापैकी कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि त्याला ते नीट ऐकू आलं नाही.

ती मान काकूने ओळखली. तिचा हात चौकटीवर गेला आणि तिथेच राहिला.

"तुझाच आहे," मोठी काकू म्हणाली. "तू दिलेलं पिल्लू."

हळूहळू, पायरीखाली उभ्याउभ्याच, तिने सगळं सांगितलं. मानमोडी तिच्याकडेही आली होती. तिच्याही गेल्या, हा एक पडून उठला आणि मान तशीच राहिली. आणि अदलाबदलीत तिने काकूला दिलेला तो कोंबडा तिच्या घरचा नव्हताच. आदल्या दिवशी बाजारातून आणलेला होता. घरचा म्हणून दिला.

"तेव्हा का नाही सांगितलंत?" काकूचा आवाज अगदी खाली होता.

"तुझ्याकडच्या मरायला लागल्या तेव्हा माझ्याकडच्याही मरत होत्या, धाकटे. कोणत्या तोंडाने येणार होते?"

 काकू पायरी उतरली, कोंबड्याचा पाय हातात घेतला आणि बोटं फाकवली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. जाड झालेल्या, खवल्यांच्या कातडीत एक भोक होतं. डाव्या पायात.

काळीचं घर. जे सगळं गेलं असं ती इतकी वर्षं धरून चालली होती, ते तिरक्या मानेने तिच्याकडे बघत होतं. मला वाटलं आता ती रडेल. पण तिचं नख त्या भोकावरून फिरत राहिलं, आणि मग तिने वर पाहिलं, काकांकडे.

"अहो," ती म्हणाली, "त्या खेपेची अर्धी पिल्लं तुम्ही टोचली होती."

काकांना हे बरोबर ऐकू आलं.

काकू तेव्हा गणवेशांच्या ढिगात बुडालेली होती. दोन्ही कोंबड्यांची पिल्लं एकदम निघाली, आणि अर्धी तिने टोचली, अर्धी काकांनी. पुढे केव्हातरी दोघांचं त्यावरून भांडण झालं होतं, कारण काकूच्या लक्षात आलं होतं की काका पिल्लू कसं धरतात. ती पिल्लू तळहातावर उभं धरते, तोंड पुढे. तिचा डावा तो पिल्लाचा डावा. आता तिने काकांच्या हातात दोऱ्याचं रीळ दिलं आणि म्हणाली, धरून दाखवा. काकांनी ते उताणं धरलं, पोट वर, पाय स्वतःकडे. कापड उलटं पसरून आखणारा माणूस. त्यांचा डावा तो पिल्लाचा उजवा.

म्हणजे हा कोंबडा काकूने टोचलेला असेल तर काळीचा. काकांनी टोचलेला असेल तर भुरीचा, मागच्या सगळ्यांचा सख्खा, आणि वर मानमोडी भोगलेला. नुसता धोका, फायदा शून्य.

"तुमची भोकं कडेला जाऊन फाटायची," काकू म्हणाली. "हे मधोमध आहे. शाबूत आहे."

काका बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिले. त्यांना बायकोला बरं वाटेल असं काही बोलायचं होतं हे दिसत होतं. पण चाळीस वर्षं कापड मापून कापलेला माणूस मापात खोटं बोलेना. "माझीही सगळीच नव्हती फाटली गं," ते म्हणाले.

कोंबड्याला जागा मिळाली ती दुकानातल्या कपडे घालून बघायच्या खोपटीत. मागच्या अंगणापासून घरातली सगळ्यात लांबची जागा तीच. पडदा ओढलेला, खाली भुसा. पँट घालून बघायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, आत कोणी आहे का. काका म्हणाले, आहे, पण तो सरळ बघत नाही, तुम्ही निवांत बदला. हसायला माणसं येऊन गेली, पण काकू हसली नाही. ती काज घालताना मधेच सुई थांबवायची आणि पडद्याकडे कान द्यायची. तो अंग झटकायचा, पाणी प्यायचा, घसा साफ केल्यासारखा एक आवाज काढायचा, आणि त्या आवाजासरशी तिच्या मानेवरची शीर दिसायची. रोज आधी मागच्या कोंबड्यांना दाणे, मग हात-पाय धुऊन, कपडे बदलून खोपटीत. उलटा क्रम कधीच नाही. काकांनी एकदा पडद्याआड डोकावून तसेच मागच्या दाराकडे पाऊल टाकलं, तर काकूने हातातली पट्टी त्यांच्यासमोर आडवी धरली आणि एक शब्द न बोलता त्यांना आंघोळीला पाठवलं.

मग त्याच्याजवळ एक कोंबडी ठेवायची वेळ आली.

काकू खुराड्यासमोर उभी राहिली तेव्हा सगळ्या दाण्यांसाठी तिच्या पायाशी आल्या. भुरी म्हातारी झाली होती, तिला नाही. ही चांगली बसते, नको. ती अंड्यावर आहे, नको. मागून लंगडी आली, वाकड्या बोटांची, कायम शेवटी पोचणारी. काकूने तिला उचललं. लंगडीला वाटलं लाड चाललेत, तिने काकूच्या बाहीत डोकं खुपसलं.

"हिला काही झालं तर मीच केलं," काकू मला म्हणाली. "कोणाला सांगू नकोस की डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. हात माझा आहे."

पडद्यामागे ती दोघं एकत्र गेली. त्यानंतरचे दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मशीन चालली की आवाजात काही ऐकू येणार नाही म्हणून काकू कामच टाळायला लागली, गठ्ठे साचले, शिंपी कुरकुरले. सकाळी उठल्याबरोबर ती पडद्यापाशी जायची, पण लगेच उघडायची नाही. बोटं पडद्याच्या कडेला लावून उभी राहायची. एका सकाळी आतून काहीच हालचाल नव्हती. आम्ही तिघं तिथे उभे होतो आणि कोणीच पडदा ओढेना. शेवटी काकांनी ओढला. लंगडी म्हाताऱ्याच्या पंखाखाली डोकं घालून गाढ झोपली होती. उजेड डोळ्यावर आला तसं तिने चिडून आमच्याकडे पाहिलं. काकू भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली.

लंगडी टिकली. शिंक नाही, मान सरळ. डॉक्टरबाई म्हणाल्या, सोडा आता. तरी काकूने आणखी थोडे दिवस काढले, मग आणखी थोडे. एकदा म्हाताऱ्याला छातीशी धरून ती मागच्या दारापर्यंत गेली, कडीला हात लावला आणि परत आली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा जांभळ्या पाण्यात पाय बुडवून तशीच उभी राहिली. पाणी पायांना लागलेलं, कडी काढलेली, दार लोटायचं बाकी.

"फाटलेलं असतं तर बरं झालं असतं," ती पुटपुटली. "निदान नक्की कळलं असतं, मग परत पाठवला असता."

आणि तिने गुडघ्याने दार लोटलं.

म्हातारा अंगणात उतरला, तिरक्या मानेने सगळीकडे पाहून घेतलं आणि दाण्यांकडे गेला. त्याचं वय झालं होतं. पहिली अंडी काकूने न्हाणीघरात दार लावून मशीनचा दिवा नेऊन त्यासमोर धरली तेव्हा बरीचशी कोरी निघाली. काहींत मात्र लाल कोळ्यासारखं जाळं दिसलं, म्हणजे जीव धरला होता. ती तिने ठेवली. पण जाळं आधीच्या खेपांनाही दिसलंच होतं. पिल्लं मरत होती ती शेवटी, बाहेर यायच्या तोंडावर. त्यामुळे जसजसे दिवस भरत आले तसतशी काकू जेवणावरून उठायला लागली. खुडूक कोंबडीखाली हात घालून ती अंडी चाचपायची, आणि कोंबडी तिला टोचायची, आणि ती टोचू द्यायची.

अंडी फुटायच्या दिवशी मोठी काकूही आली होती. कोणी बोलावलं नव्हतं. जांभळ्या पाण्यात पाय बुडवून, आतल्या चपला घालून ती निमूट अंगणात एका पाटावर बसली. काकूने अंडं कानाला लावलं. तिचा चेहरा मी पाहत होते आणि त्यावर काहीच उमटत नव्हतं. मग तिने ते अंडं उचलून मोठ्या काकूच्या कानाला लावलं, जणू आपल्या एकटीच्या कानावर तिचा भरवसा नव्हता.

"टकटक आहे," मोठी काकू म्हणाली. "पण मागच्या खेपेलाही आदल्या दिवशी होती ना?"

काकूने मान हलवली. होती.

संध्याकाळपर्यंत आम्ही कवचाला पडलेल्या एका ताऱ्यासारख्या तड्याकडे बघत बसलो. तो वाढेना. काकूचा हात दोनदा पुढे गेला आणि तिने तो दोन्ही वेळा स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला. मग कवचाची टोपी उचलली गेली आणि एक ओलं, बेढब डोकं बाहेर आलं. काकूने सगळ्यात आधी चोच पाहिली. सरळ होती. मग बोटं. एकेक, नखापर्यंत. सरळ. त्यानंतर दुसरं निघालं, त्यानंतर आणखी. एक आतच राहिलं. ते तिने अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून वेगळं ठेवलं.

काका दाराबाहेरूनच विचारत होते, ते भोक कोणाचं होतं शेवटी? काकू म्हणाली, तुमचं नव्हतं, माझं होतं. त्यांना ऐकू आलं, पण त्यांनी पुन्हा विचारलं, बहुतेक पुन्हा ऐकायला.

पिल्लं वाळून उभी राहिल्यावर काकूने पंच आणला. पिल्लाला आईचं काज, म्हणून सगळ्यांना उजव्या पायात. तळहातावर उभं धरून, तोंड पुढे. सगळ्यांचं झाल्यावर तिने त्यातली दोन उचलली, एक चांगलं दांडगं आणि एक चपळ, आणि मोठ्या काकूच्या टोपलीत ठेवली. मोठी काकू म्हणाली, वेडी आहेस का, इतक्या मुश्किलीने झाली ती, तुझ्यापाशीच राहू देत, कडी लावून घे.

"कडी लावणारच आहे," काकू म्हणाली. "पण सगळी एकाच कडीच्या आत ठेवली होती, म्हणून तर हे झालं. तुम्ही न्या."

मोठ्या काकूने टोपलीवर फडकं बांधलं. दारापर्यंत दोघी गेल्या. तिथे काकूने तिची टोपली धरून तिला थांबवलं.

"जाऊबाई, यांतलं एक जरी शिंकलं तरी आधी मला सांगायचं. मी रडेन, ओरडेन, महिनाभर बोलणार नाही. तरी सांगायचं."

"आणि तुझं शिंकलं तर?"

काकूने दाराच्या कडीकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. तो अंगणाच्या मधोमध मान तिरकी करून उभा होता.

"मी येईन," ती म्हणाली. "पाय धुऊन."